पारदर्शक पत्र्याची पारख

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे संसार आवरून तिकडे गेली. राजधानीच्या एका वसाहतीला तात्या टोपे यांचे नाव मिळाले. येवल्याला जन्मलेल्या त्या सेनानीचे नाव लोकांच्या तोंडी आता टी. टी. नगर एवढ्या संक्षेपाने उरले आहे. तेथील पुष्कळ जुनी सरकारी घरे पुढे नव्या नगररचनेत पाडली गेली. पण घर जुने असो वा नवे, गृहस्थापुढे एक लहानसा प्रश्न हटकून उभा राहतो. सज्ज्यात येणारा पाऊस अडवावा, पण उजेड अडू नये. तर वर घालावे काय?

काच जड आणि फुटकी, म्हणून तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्याकडे वळतो. दुकानदार तीनचार पत्रे पुढे मांडतो. सारेच पाण्यासारखे स्वच्छ दिसतात, भाव मात्र निरनिराळे. अशा वेळी सर्वांत स्वस्त तो उचलावा, हा मोह स्वाभाविक आहे. पण रूप सारखे असले तरी या पत्र्यांचा स्वभाव सारखा नसतो, आणि फसगत होते ती येथेच.

स्वस्त पत्रा बहुधा पॉलिस्टायरीनचा किंवा पीव्हीसीचा असतो. पहिला ठिसूळ असून उन्हात पिवळा पडतो. दुसरा साठसत्तर अंश उष्णतेला मऊ होऊ लागतो. भोपाळला मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. मग भर उन्हातील पत्र्याची गत काय सांगावी! चित्राची चौकट किंवा कपाटाचे दार यांना हे पत्रे चालतील. उघड्यावर ते घालू नयेत.

उरतात दोन खरे उमेदवार: अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलो भरते. हे दोन्ही पत्रे तेवढ्याच आकाराचे घेतले तर जेमतेम पाच किलो भरतात. अॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार होतो, म्हणजे साध्या काचेहूनही थोडा अधिक. आणि वर्षानुवर्षे उन्हात राहूनही ते सहसा पिवळे पडत नाही. उणीव एवढीच की जोराचा आघात झाला तर ते तडकते. पॉलिकार्बोनेटचे याच्या उलट. गारपीट, माकडांच्या उड्या, मुलांचा चेंडू, सारे ते सोसते. परंतु त्याच्यावर ओरखडे लवकर उठतात आणि मूळ स्थितीत ऊन त्याला मानवत नाही. म्हणून चांगल्या पत्र्याच्या एका अंगाला अतिनील किरणे अडविणारा थर दिलेला असतो. ते अंग कोणते, हे वरच्या संरक्षक कागदावर छापलेले असते. तेच अंग आकाशाकडे हवे. कारागिराने पत्रा उलटा बसविला, तर महागाचे पैसे देऊनही पदरी पिवळेपणाच येतो.

दोहोंतील भेद ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. पत्र्याची अरुंद कापटी मागून घ्यावी आणि डोळे सांभाळून ती वाकवावी. अॅक्रिलिक कट्‌कन मोडते, पॉलिकार्बोनेट नुसतेच दुमडते.

निवड बरोबर झाली तरी बसविण्यात चूक होऊ शकते. प्लॅस्टिक उष्णतेने काचेच्या कितीतरी पट पसरते. दोन मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातील पहाटेपासून वैशाखातील दुपारपर्यंत सुमारे सात मिलिमीटर वाढतो. तेवढीच काच एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून पत्र्याचे भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवावे, खाली रबराची चकती द्यावी आणि स्क्रू करकचून आवळू नये. म्युनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक क्रीडागाराचे छप्पर अॅक्रिलिकचेच आहे; तेथेही फरशांसारख्या तुकड्यांच्या मध्ये लवचीक सांधे ठेवावे लागले. पोकळ नळ्यांचा पॉलिकार्बोनेट पत्रा घेतल्यास नळ्या उताराच्या दिशेने ठेवाव्यात आणि त्यांची वरची तोंडे बंद करावीत. नाही तर पहिल्याच पावसाळ्यानंतर आत शेवाळ धरते.

एक गोष्ट मात्र पैशाच्या हिशेबापलीकडची आहे. अॅक्रिलिक चटकन पेट घेते. २ ऑगस्ट १९७३ रोजी आयल ऑफ मॅन बेटावरील ‘समरलँड’ या करमणूक केंद्राला आग लागली आणि ५० माणसे दगावली. कुलूपबंद दारे आणि इतर दोषही त्याला कारण झाले. तथापि भिंती व छप्पर यांवरील अॅक्रिलिकमुळे आग झपाट्याने पसरली, हे चौकशीत निष्पन्न झाले. पॉलिकार्बोनेटची ज्योत आधार सुटताच बहुधा विझते. तरी तेही काही अग्निरोधक नव्हे. यास्तव चुलीजवळ, जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर असले छप्पर घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

मग टी. टी. नगरातील त्या गृहस्थाने काय करावे? सज्ज्याच्या छपरासाठी त्याने किरणरोधक थराचे पॉलिकार्बोनेट घ्यावे. सज्जा पश्चिमेकडे असेल, तर स्वच्छ पारदर्शकाऐवजी दुधी घ्यावे, कारण स्वच्छ पत्र्यातून उजेडाबरोबर उन्हाचा तापही घरात उतरतो. खिडकीचे तावदान वा फलक यांना अॅक्रिलिक उत्तम. दोन्हींची सफाई साबणाच्या पाण्याने व मऊ फडक्याने करावी. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास बारीक तडे जातात. आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्याने एका कागदावर लिहून न्यावे: ऊन किती, आघात कशाचा, आग किती जवळ. या तीन उत्तरांपुढे दोन पत्रे आपोआप बाजूला पडतील, आणि भावाची घासाघीस उरलेल्यापुरतीच करावी लागेल.