हे कुठून घेतलंस?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गेल्या दिवाळीत माझा चौथीतला नातू शिवाजी महाराजांवर प्रकल्प करत होता. जन्मतारीख मी ठामपणे सांगितली, ६ एप्रिल १६२७. तो म्हणाला, "पण सुट्टी तर १९ फेब्रुवारीला असते!" मोबाईलवर पाहिलं, तर कुठे १६२७, कुठे १९ फेब्रुवारी १६३०, कुठे १ मार्च १६३०. मी म्हणालो, "जास्त ठिकाणी असेल ती लिही." त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुणी सांगितली?"

मी गप्प. आठवीत गाइडमधून उतरवलेल्या माझ्या निबंधाखाली बाईंनी लाल शाईने एवढंच लिहिलं होतं, 'हे कुठून घेतलंस?' पन्नास वर्षांनी तोच प्रश्न नातवाने विचारला.

मग आम्ही दोघं मूळ शोधायला बसलो. १६२७ हे साल नंतरच्या काळातल्या बखरींतून आलेलं. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. कवींद्र परमानंदांनी महाराजांच्या हयातीत लिहिलेल्या 'शिवभारत' काव्यातही तीच तिथी आहे. हे दोन वेगळे साक्षीदार. एकमेकांवरून उतरवलेली दहा पानं म्हणजे मात्र एकच साक्षीदार!

हिशेब नातवानेच केला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १६२९. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणून १६३०. आणि १ मार्च? तीही चूक नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो. तेव्हा दोन ठिकाणी वेगळं दिसलं की एक खोटं असेलच, असंही नाही.

मुलांच्या हातून मोबाईल काढून घेऊन काही साधणार नाही. कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशाच्या आधारे लिहिलं, हे तीन प्रश्न मात्र त्यांच्या हाती देता येतील. माझी एक सूचना आहे. आपल्यातले जे निवृत्त आहेत, त्यांनी महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या ग्रंथालयात यावं आणि मुलांबरोबर प्रकल्पाची एकेक माहिती पुस्तकांशी ताडून पाहावी. माझं नाव पहिलं लिहा.

आणि बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो: तो निबंध मी गाइडमधूनच घेतला होता.