बदली मुलूख आणि कायम राज्य



या व्यासपीठावर पंडित येतात, प्राध्यापक येतात. आमची शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे आणि रद्दीवाल्याच्या दुकानात. तेव्हा अमेरिकेच्या इतिहासावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर उत्तर एवढेच की, आम्ही तीस वर्षे कराराचे कागद वाचीत आलो आहोत, आणि आज ज्याविषयी बोलावयाचे तोही एक कागदच आहे.

हा कागद १३ जुलै १७८७ चा. नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स असे त्याचे नाव. इंग्रजांचे जोखड फेकून देऊन त्या तेरा संस्थानांना पुरती चार वर्षेही झाली नव्हती. ओहायो नदीच्या उत्तरेला, मिसिसिपीपर्यंत पसरलेला प्रचंड मुलूख तहात त्यांच्या नावे लागला होता. आता प्रश्न असा पडला की, तिकडे जी माणसे वस्ती करावयास जाणार त्यांच्यावर राज्य कसे करावयाचे? कालपर्यंत स्वतः वसाहत म्हणून ज्यांनी अपमान सोसला, त्यांनी उद्या आपल्याच भाऊबंदांना वसाहत म्हणून वागवावे काय?

त्यांनी जी युक्ती काढली ती गिरणीतल्या माणसाला चटकन समजेल. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पहाटे फाटकाशी उभे राहावयाचे. कोणी कायम माणूस गैरहजर असला तर आत, नाही तर घरी. काम तेच, साचा तोच, घाम तोच. पण हक्क नाही. नवा मुलूख हा असाच काही काळ बदलीवर ठेवावयाचा, आणि अमुक अट पुरी झाली की त्याला कायम करावयाचे, अशी ही योजना होती. आरंभी मध्यवर्ती काँग्रेसने नेमलेला एक गव्हर्नर, एक चिटणीस आणि तीन न्यायाधीश. लोकांना मत नाही. मुलखात ५,००० स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की विधिमंडळ, पण गव्हर्नरच्या संमतीवाचून त्याचा एकही ठराव कायदा व्हावयाचा नाही. काँग्रेसमध्ये त्या मुलखाचा एक प्रतिनिधी बसेल, बोलेल, मात्र हात वर करणार नाही. आणि ६०,००० स्वतंत्र रहिवासी झाले की ते राज्य जुन्या तेरांच्या बरोबरीने पंक्तीला बसेल.

या शेवटच्या वाक्याला आम्ही मनापासून दाद देतो. जिंकलेल्या किंवा मिळवलेल्या मुलखाला आपल्या बरोबरीचा दर्जा देण्याची मुदत आणि अट सत्ताधाऱ्यांनी आधीच लिहून ठेवावी, हे इतिहासात फार क्वचित घडले आहे. पुढे त्या मुलखातून पाच राज्ये निघाली: ओहायो १८०३ मध्ये, इंडियाना १८१६, इलिनॉय १८१८, मिशिगन १८३७ आणि विस्कॉन्सिन १८४८.

परंतु कोणताही करार वाचताना आम्ही प्रथम कलमे पाहत नाही; सही कोणाची आणि फायदा कोणाचा ते पाहतो. या कायद्यात गव्हर्नराजवळ त्या मुलखात १,००० एकर जमीन असली पाहिजे अशी अट आहे. विधिमंडळात निवडून यावयाचे तर २०० एकर, आणि नुसते मत द्यावयाचे तरी ५० एकर. जमीन विकत घ्यावी म्हटले, तर १७८५ च्या जमीनकायद्याने सारा प्रदेश सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखून त्याचे ३६ तुकडे पाडावयाचे ठरले होते. एक तुकडा ६४० एकरांचा, एकराला कमीत कमी एक डॉलर, आणि सरकार याहून लहान तुकडा विकीत नव्हते. (प्रत्येक चौकोनातला सोळावा तुकडा शाळेसाठी राखून ठेवला होता, हेही सांगितले पाहिजे, चांगले ते चांगलेच.) एकदम ६४० डॉलर मजुराने कोठून आणावे? पण ओहायो कंपनी नावाच्या मंडळीला त्याच वर्षी सुमारे १५ लाख एकरांचा सौदा मिळाला, आणि त्यांनी पैसे भरले ते भाव पडलेल्या सरकारी रोख्यांत. कायदा मंजूर करून घेण्यासाठी खटपट करणाऱ्यांत याच कंपनीचा माणूस होता. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

कायम करण्याची वेळ आली म्हणजे मुकादमाचा जीव कसा खालीवर होतो, हेही आम्ही पाहिले आहे. एका कारखान्यात दोनशे चाळीस दिवस भरावयाच्या आत माणसाला घरी बसवीत आणि आठवड्याने नव्या नावाने घेत. तिकडे पहिला गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याने हेच केले. ओहायोचे लोक राज्याचा दर्जा मागू लागले तेव्हा मुलखाचे असे तुकडे पाडावेत की कोणाचीच संख्या लवकर भरू नये, असा त्याचा डाव होता. शेवटी १८०२ मध्ये अध्यक्ष जेफरसनने त्याला काढून टाकले.

सहावे कलम गुलामगिरी बंद करणारे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, त्यांच्या पुण्याईत या कलमाचाही वाटा धरला पाहिजे. पण मालकलोक हुशार. गुलाम म्हणता येत नाही ना, मग काळ्या माणसाकडून चाकरीच्या करारावर अंगठा घ्यावयाचा. काही करार तर नव्वद नव्वद वर्षांहून अधिक मुदतीचे! इंडियाना आणि इलिनॉयमध्ये हे कायद्याच्या आडोशाने चालले. १८२४ मध्ये इलिनॉयमध्ये गुलामगिरीला वाट करून देण्यासाठी राज्यघटना बदलावी की काय, यावर मतदान झाले, आणि ६,६४० विरुद्ध ४,९७२ मतांनी लोकांनी नाही म्हटले. पावणेसतराशे मतांचे अंतर. कागदावरचे कलम जिवंत राहिले ते या माणसांमुळे.

तिसऱ्या कलमाला मात्र कोणी वाली मिळाला नाही. तिथल्या मूळ लोकांची जमीन त्यांच्या संमतीवाचून घेतली जाणार नाही, असे त्यात वचन आहे. मायामी, शॉनी आदी जमातींनी ते वचन पारखून पाहिले. १७९१ मध्ये त्यांनी याच सेंट क्लेअरच्या फौजेचा असा धुव्वा उडवला की ६०० वर सैनिक पडले. तीन वर्षांनी दुसरी फौज आली, त्यांचा पाडाव झाला, आणि १७९५ मध्ये ग्रीनव्हिलच्या तहात त्यांनी आजच्या ओहायोचा बहुतेक भाग ‘संमतीने’ सोडला. टाळेबंदीच्या सहाव्या महिन्यात सह्या होतात तशी ती संमती.

त्या तहात एक बारीक कलम आहे. शिकागो नदीच्या मुखाशी सहा मैल लांबरुंद जमीन द्यावी, असे. त्याच जागी पुढे शिकागो उभे राहिले, आणि १८८६ च्या मे महिन्यात तिथल्या मजुरांनी आठ तासांच्या दिवसासाठी साचे थांबवले. दरसाल एक मे रोजी आम्ही झेंडा लावतो तेव्हा शिकागोच्या हुतात्म्यांचे नाव घेतो. ती जमीन कोणाची होती हे आम्हांला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते. हे सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

आता ज्यांना कायम केलेच नाही त्यांची गोष्ट. मेक्सिकोकडून घेतलेला न्यू मेक्सिको १८५० मध्ये बदलीवर आला. त्याच वर्षीच्या शिरगणतीत त्याची वस्ती ६० हजारांवर भरली होती. पण तिथले बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आणि कॅथलिक. राज्याचा दर्जा मिळावयास १९१२ साल उजाडले. बासष्ट वर्षे! आमच्या वडिलांची अकराच होती.

आणि पोर्टो रिको? १८९८ च्या लढाईत स्पेनकडून ते बेट घेतले. १९०१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, हे बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण सर्व अर्थांनी अमेरिकेचा भाग नाही. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळाले. २०२० च्या शिरगणतीत तेथे सुमारे ३२ लाख ८५ हजार माणसे भरली. त्यांचा एक प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसतो. बोलतो, आणि अंतिम मतदानाच्या वेळी त्याचा हात खालीच राहतो, नेमका १७८७ च्या कागदात लिहिल्याप्रमाणे. बेटावर राहून अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. तोच माणूस फ्लोरिडात जाऊन राहिला की मतदार होतो, आणि म्हातारपणी आईजवळ परत गेला की पुन्हा बदली.