पोथीशुद्धी आणि धर्मशुद्धी

युरोपच्या इतिहासात विद्येचे पुनरुज्जीवन आणि धर्मसुधारणा ही दोन प्रकरणे एकामागून एक येतात, आणि पहिल्यातून दुसरे जन्मास आले असे सामान्यपणे सांगितले जाते. यात तथ्य आहे. परंतु ज्यांनी विद्येची उपासना केली त्यांना जे हवे होते आणि प्रत्यक्षात जे घडले, यांत मोठे अंतर पडले. ते अंतर किती होते, हे इरॅस्मस या पंडिताच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

पंधराव्या शतकात इटलीतील विद्वानांनी प्राचीन ग्रीक व लॅटिन ग्रंथांचा शोध आरंभिला. जुनी पोथी मिळवावी, ती दुसऱ्या पोथीशी ताडून पाहावी, नकलाकारांच्या हातून झालेले प्रमाद दूर करावेत आणि मूळ पाठ निश्चित करावा, असा त्यांचा उद्योग होता. वरवर पाहता तो निरुपद्रवी होता. पण १४४० साली लोरेन्झो वाल्ला या पंडिताने या उद्योगाची धार दाखवून दिली. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान दिल्याची एक सनद शतकानुशतके प्रमाण मानली जात होती. तिच्यातील लॅटिन चौथ्या शतकातले असणे शक्य नाही, म्हणून ती बनावट आहे, असे त्याने सिद्ध केले. याच वाल्लाने नव्या करारावरही टिपा लिहून ठेवल्या होत्या. ते हस्तलिखित १५०४ साली लूव्हेनजवळच्या एका मठात इरॅस्मसच्या हाती लागले, आणि पुढच्याच वर्षी त्याने ते पॅरिसमध्ये छापून घेतले.

इरॅस्मस मूळचा रॉटरडॅमचा. तो एका धर्मगुरूचा अनौरस पुत्र. तरुणपणी त्याने मठात दीक्षा घेतली, पण त्याचे मन तेथे रमले नाही. त्याचे खरे घर म्हणजे छापखाना. १५१६ साली बाझेल येथील योहान फ्रोबेन या मुद्रकाकडून त्याने नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता, आपल्या लॅटिन भाषांतरासह, प्रसिद्ध केली. वाचकांच्या हाती पडलेली ही पहिली छापील ग्रीक प्रत होय. काम घाईचे होते. अखेरच्या ग्रंथाच्या पोथीचे शेवटचे पान गहाळ होते, तेव्हा ती वचने त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये रचून घातली! हा ग्रंथ त्याने पोप दहावा लिओ यास अर्पण केला. धर्मसंस्थेवर घाला घालण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. नांगरामागे चालणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मागावर बसलेल्या विणकराच्या मुखी शास्त्रवचने असावीत, म्हणजे धर्म आपोआप निर्मळ होईल, अशी त्याची श्रद्धा होती.

पण एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या उपदेशाचा आरंभ ज्या शब्दाने होतो, त्याचा प्रचलित लॅटिन पाठ ‘प्रायश्चित्त करा’ असा समजला जाई. इरॅस्मसने दाखवून दिले की, मूळ ग्रीक शब्दाचा रोख मनाच्या पालटावर आहे. प्रायश्चित्त हा विधी आहे; त्याला पुरोहित लागतो. पश्चात्ताप ही अंतःकरणाची घटना आहे. तिला मध्यस्थ लागत नाही. त्या काळी जर्मनीत पापदंडातून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात होती. ऑक्टोबर १५१७ मध्ये विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने त्यांविरुद्ध पंचाण्णव प्रमेये मांडली. त्यांतले पहिलेच प्रमेय येशूच्या या वचनावर आधारलेले होते. पुढे १५२२ साली ल्यूथरचा जर्मन नवा करार प्रसिद्ध झाला, तोही इरॅस्मसच्या ग्रीक संहितेवरूनच. विणकराच्या मुखी वचने गेली खरी. पण ती ज्याने नेली त्याचा स्वभाव निराळा होता. शेतकऱ्याची चिंता वाहणारा इरॅस्मस जन्मभर लॅटिनमध्येच लिहीत राहिला.

अंडे इरॅस्मसने घातले आणि ते उबवले ल्यूथरने, असे मठवासी म्हणू लागले. आपले अंडे कोंबडीचे होते, ल्यूथरच्या हातून निराळाच पक्षी बाहेर आला, असे इरॅस्मसचे उत्तर होते. ते केवळ चातुर्याचे नव्हते. १५२४ साली त्याने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. पुढच्या वर्षी ल्यूथरने उत्तर दिले की, मनुष्याची इच्छा पापाने बद्ध आहे आणि तारण केवळ ईश्वरी कृपेने होते. विद्येने मनुष्य सुधारतो हा इरॅस्मसचा मूळ सिद्धान्तच येथे नाकारला गेला. दोघांची वाट येथे कायमची तुटली.

यापुढे मध्यममार्गाला जागा उरली नाही. १५२९ साली बाझेलमध्ये जमावाने चर्चमधील मूर्ती फोडल्या. इरॅस्मस ते शहर सोडून फ्रायबुर्गला गेला. १५३५ साली त्याचा जिवलग मित्र टॉमस मोर याचा इंग्लंडमध्ये शिरच्छेद झाला. मोरने पोपचे स्वामित्व सोडून राजाचे मानले नाही, हा त्याचा अपराध. त्याच वर्षी बाझेलला परतलेला इरॅस्मस १५३६ च्या जुलैत तेथेच वारला. रोमशी अखेरपर्यंत नाते न तोडलेल्या या पंडिताला सुधारकांच्या ताब्यातील मुख्य चर्चमध्ये मूठमाती मिळाली. आणि ज्या रोमशी तो एकनिष्ठ राहिला, त्या रोमने १५५९ साली त्याचे समस्त ग्रंथ निषिद्ध ठरवले.

त्याला भित्रा म्हणणारे दोन्ही पक्षांत होते. आपण हुतात्म्याच्या मातीचे नाही, हे त्याने स्वतःही लपवले नाही. तथापि त्याच्या अपयशाचे कारण केवळ भित्रेपणा नव्हे. पाठ शुद्ध झाला की वाचकांचे एकमत होईल, असे त्याने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शुद्ध पाठ हाती आल्यावरच मतभेदाला बळ आले; कारण आता प्रत्येक पक्षाला मूळ वचनाचा आधार घेता येऊ लागला. विद्या वचनाचा अर्थ उलगडू शकते. त्या अर्थासाठी माणसे एकमेकांचे प्राण घेतील की एकमेकांना सोसतील, हे ठरवणे तिच्या हाती नसते. इरॅस्मसने सोसण्याची बाजू घेतली. त्या वेळी ती हरली. परंतु धर्मयुद्धांत होरपळून निघाल्यावर युरोपला त्याच बाजूकडे पुन्हा वळावे लागले.