शेळ्यांच्या नावावरचं कर्ज

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज बोलायचंय ते परदेशातल्या नोकरीबद्दल. तुम्ही म्हणाल, ह्या कधी पुण्याच्या पलीकडं गेल्या नाहीत आणि परदेशाचं काय सांगणार? खरंय. पण परदेशी जायला लागणारा पैसा आमच्या वहीतून जातो, म्हणून बोलतोय.

आमच्या वहीत एक नोंद आहे : शेळीपालन, साठ हजार रुपये. त्या घरात शेळी काही आली नाही. त्या पैशावर पोरगं दुबईला गेलं. पोरगं आयटीआय झालेलं, वेल्डर, हात चांगला. बारामतीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एजंटाची खोली होती, भिंतीवर विमानाचं मोठं चित्र. त्यानं एक लाख चाळीस हजार मागितले. साठ हजार गटाचे, आईच्या डोरल्यावर पन्नास हजार, बाकीचे चुलत्यानं उसाच्या बिलातून दिले. उसाचं बिल खात्यावर पडलं की हे लोक बरोबर उगवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

हातात व्हिसा आला तो फिरायला जायचा, साठ दिवसांचा. एजंट म्हणाला, तिकडं गेल्यावर बदलून मिळतो. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पोरानं दीड महिना काम केलं. पगार मागितला तर मालक म्हणाला, तुझा कागद कुठाय? कागद नव्हताच. पोलिसांकडं जावं तर बेकायदा काम केलं म्हणून तोच अडकणार. शेवटी घरच्यांनी इकडून तिकीट काढून त्याला परत आणलं. बारामतीतली ती खोली तोवर बंद झाली होती. पावती कुणाकडंच नव्हती.

त्या आईला दोष देण्याआधी आमचं सांगतो. पैसे कशाला हवेत, हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वहीत शेळीपालन लिहिलं, कारण तसं लिहिलं की प्रश्न येत नाहीत. आणि बाहेरदेशी निघालेल्या पोराची चौकशी कशी करायची? दृष्ट लागेल, अपशकुन होईल, असंही मनात होतं. दहा बाया बैठकीला बसलो होतो, पण व्हिसा कसला आहे हे एकीनंही विचारलं नाही.

नंतर तालुका विधी सेवा समितीतर्फे एक वकील ताई आमच्या बैठकीला आल्या. बाईमाणसाला या समितीकडून वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. हे आम्हालाही तेव्हाच कळलं. ताईंनी पहिलं वाक्य सांगितलं, ते आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : फिरायच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. दुबईत नोकरीचा परवाना मालक काढतो, आणि तिथल्या कायद्याप्रमाणं भरतीचा खर्च त्यानं कामगाराकडून घ्यायचा नसतो. कामाचा देकार लेखी असतो, त्यात पगार लिहिलेला असतो, आणि तो हिंदीतही मिळतो. म्हणजे पोराला निघण्याआधी तो वाचता आला असता. आम्हालाही आला असता.

मग एजंटाचं. परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणं भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' नावाच्या सरकारी साइटवर असते. मोबाइलवर दिसते, कॉलेजातली कुणाचीही पोरगी काढून देईल. नुसता नंबर बघून भागत नाही हं. नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की बंद, हे तिन्ही जुळवायचं. "आमच्या मुंबईच्या ऑफिसचा परवाना आहे, मी त्यांचा माणूस" असं म्हणणारे गावोगाव फिरतात. अशा मधल्या माणसाला कायद्यात जागा नाही.

आणि फी किती? ऐकून आमचा घास घशातच अडकला. जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. आमच्या पोराचे गेले होते १,४०,०००.

आता दुसरं घर. ही गोष्ट अजून संपलेली नाही.

गटातल्या एका वहिनींची मुलगी जीएनएम नर्स आहे. बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं रात्रपाळ्या केल्या, पगार किती ते सांगायला नको. तिला जर्मनीला जायचं होतं. कारणही होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची, असं ठरलं. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी असे कितीतरी धंदे आले. पेपरात बातमी झळकली आणि महिन्याभरात एजंटांचे फलक लागले. करार सरकारचा, फलक ह्यांचे! करार झाला म्हणजे आपल्या पोरीच्या नावाची नोकरी निघाली असं होत नाही, पण फलकावर तसं कोण लिहील?

एजंटानं चार लाख सांगितले. "चान्सनकार्टं काढून देतो, सहा महिन्यांत जर्मनी." वहिनी अडीच लाखांचं कर्ज मागायला बैठकीला आल्या. या वेळी आम्ही विचारलं. मालक कोण? करार दाखवा. व्हिसा कसला? तिन्हीला उत्तर नव्हतं. वहिनी रागानं उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, वेल्डरच्या वेळी तुमची तोंडं शिवली होती आणि माझ्या पोरीच्या वेळी बरी उघडली. दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

ते कार्ड काय आहे, हे मुलीनंच शोधून काढलं. कार्ड खरं आहे, जर्मनीनं जून २०२४ पासून सुरू केलंय. पण ते नोकरी शोधायला जायचं कार्ड आहे, नोकरीचं नव्हे. वर्षभर तिकडं राहून काम शोधायचं, तोवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. आणि पोटापाण्याची सोय आहे हे दाखवायला महिन्याला हजाराच्या वर युरो, म्हणजे वर्षाचे बारा-तेरा हजार युरो, आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. एजंटाच्या चार लाखांत हे धरलेलंच नव्हतं. पोरगी तिथं उतरून काय करणार होती?

नर्सचा सरळ रस्ता निराळा आहे आणि लांब आहे. आधी भाषा. जर्मन भाषेच्या पायऱ्या असतात : ए वन, ए टू, बी वन, बी टू. पूर्ण नर्स म्हणून नोंद व्हायला साधारण बी टू लागते. मग आपली पदविका, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले, या सगळ्याचं भाषांतर करून तिथल्या सरकारी कार्यालयाकडं पाठवायचं. ते आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतात. कमी पडलेलं तिथं जाऊन पुरं करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. तोवर मदतनीस नर्स म्हणून पगारी काम मिळू शकतं. जर्मन मालकाचा करार हातात आला की नोकरीचा व्हिसा. त्याची सरकारी फी ७५ युरो. चार लाख कशाचे, ते आता तुम्हीच बघा.

आणखी एक. परदेशातून नर्स नेणाऱ्या एजन्सींसाठी जर्मन सरकारनं एक गुणवत्तेचा शिक्का ठेवलाय. तो ज्यांच्याकडं आहे त्यांनी भरतीचा पैसा नर्सकडून घ्यायचा नाही, मालकाकडून घ्यायचा. शिक्का आहे का, एवढं तर विचारता येतंच.

दोन महिन्यांनी वहिनी आल्या, मुलीला घेऊनच. आम्ही ठरवलं : एजंटासाठी कर्ज नाही, भाषेसाठी द्यायचं. थोडं थोडं, एकेका पायरीला. पायरी पास झाली की पुढचं. वहीत स्वच्छ लिहिलं, 'जर्मन भाषा वर्ग'. बँकेचे साहेब वही बघताना हसले, म्हणाले हा कुठला धंदा? पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, तिथली परीक्षा मानली जाते. मुलगी आठवडाभर घरी मोबाइलवर शिकते आणि परीक्षेला पुण्याला जाते. पहाटे गोठ्यात धारा काढताना ती मोठ्यानं शब्द घोकते. म्हशीलाही थोडं जर्मन येत असेल आता. बी वन झाली. बी टूचे चार भाग असतात, त्यातले वाचणं, ऐकणं, बोलणं सुटले, लिहिणं राहिलं. राहिलेला भाग तेवढाच परत देता येतो. तो देणार आहे.

तिच्या लग्नाचं काय, हे लोक विचारतात. आम्ही उत्तर देत नाही.

ज्यांची मुलं शेतकी शिकलीत त्यांनी जपानचंही बघावं. तिथं २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा आहे, त्यात शेती, अन्नप्रक्रिया, वृद्धांची सेवा ही कामं येतात. जपानी भाषेची सुरुवातीची परीक्षा आणि कामाची परीक्षा, दोन्ही द्याव्या लागतात. त्यातल्या पहिल्या प्रकारात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण बायको-मुलं नेता येत नाहीत. हे सुनेला आधी सांगा, मागून नको.

आणि थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी, इंग्रजी येत असलं की झालं, मोठा पगार, तिकीट कंपनीचं, असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. अशी मुलं सीमेपलीकडं म्यानमार, लाओस, कंबोडियात नेऊन कोंडलीत, आणि त्यांच्याकडून मोबाइलवरून लोकांना फसवायचं काम करून घेतलंय. आपल्या सरकारनं त्याबद्दल परत परत इशारे दिलेत.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असं असतं. त्यांना आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जायला सरकारची आगाऊ परवानगी लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते, पण परवानगी देताना कराराचा कागद तपासला जातो. नर्सला त्या देशांत जायचं तर पासपोर्ट कसाही असला तरी ही परवानगी लागते. जोडीला प्रवासी भारतीय विमा असतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण.

पोरगं निघालं की पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या झेरॉक्स घरी ठेवून घ्या. कपाटात नको, गटाच्या पेटीत ठेवा. मूळ पासपोर्ट मालकाच्या हातात द्यायचा नाही, हे पोराला निघतानाच सांगा. काही अडलं तर सरकारचा फुकट नंबर आहे, लिहून घ्या : १८०० ११ ३०९०. परत सांगतो. एक आठ शून्य शून्य, एक एक, तीन शून्य नऊ शून्य.

तो वेल्डर आता कुरकुंभकडं कामाला जातो. परत बाहेर जायचं म्हणतो, पण आता ई-मायग्रेटवर स्वतः बघतो आणि आईला दाखवतो. शेळ्यांचे अजून नऊ हप्ते राहिलेत. वहीतली ती नोंद खोडावी का, असा विषय मागच्या बैठकीत निघाला होता. त्याच्या आईनंच नको म्हटलं.