सैनिकाची शुश्रूषा करणाऱ्या हातांसाठी

जखमी होऊन परतलेल्या सैनिकाला अंथरुणातून उठवणारे, आंघोळ घालणारे, रात्री कूस बदलून देणारे हात बहुधा त्याच्या पत्नीचे किंवा आईचे असतात. या सेवेची दखल निवृत्तिवेतनाच्या नियमांत आहे, हे मात्र अनेक घरांना माहीत नसतं.

ज्याचं अपंगत्व शंभर टक्के ठरलं आहे आणि ज्याला सतत सोबतीची गरज असल्याची शिफारस वैद्यकीय मंडळाने केली आहे, अशा सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतनाबरोबर ‘सतत परिचर्या भत्ता’ मिळू शकतो. ही शिफारस महत्त्वाची. म्हणून मंडळाच्या अहवालाची प्रत जपून ठेवा.

उपचारांसाठी ‘ईसीएचएस’ ही योजना १ एप्रिल २००३पासून आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय तिचे सभासद होऊ शकतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र आहे.

कागदपत्रांसाठी पहिली पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. सैनिकाच्या सेवा नोंदीत पत्नीचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे ना, हे तो हयात असतानाच पाहा. एका अक्षराच्या फरकाने कुटुंब निवृत्तिवेतन अडतं आणि दुःखात बुडालेल्या बाईला खेटे घालावे लागतात. हे टाळता येण्याजोगं आहे. तुमच्या गावात असं घर असेल, तर या कार्यालयात त्यांच्यासोबत स्वतः जा.