आधी कोणता सिलिंडर ते पाहा
(नामपूर येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. पण त्या विषयात आता आपली मुलंच मला शिकवतील. म्हणून मी मिसिंग करणाऱ्या जुन्या गाडीबद्दल बोलते.

आमच्या घरी वडिलांची प्रीमिअर पद्मिनी आहे. कुर्ल्याला तयार झालेली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सगळेच हिच्यात बसलोय. गेल्या वर्षी ही गाडी चढाला धक्के द्यायला लागली. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, दुसरीकडे कार्बोरेटर साफ केला, तिसरीकडे पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले. पैसे गेले, मिसिंग तसंच राहिलं. चारपैकी नेमका कोणता सिलिंडर काम करत नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहणं सोपं आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवायचं. मग इंजिन चालू करायचं. चालू असताना वायरला हात लावायचा नाही, तिच्यात हजारो व्होल्टचा करंट असतो. इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच. आमचा तिसरा निघाला.

मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला. दोष तिसऱ्यातच राहिला, म्हणजे प्लग ठीक. नंतर वायरींची अदलाबदल केली, तर दोष दुसऱ्यात गेला! रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिलं, तर वयोमानाने तडकलेल्या वायरीतून निळी ठिणगी बाहेर उडत होती. एक वायर बदलली, काम झालं. वायरही चांगली निघाली असती, तर कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं. पण एका वेळी एकच बदल, हा नियम तिथेही तोच.

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर कोड दाखवतो. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे तो कोड सांगत नाही. ते माणसालाच शोधावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये मी वीस वर्षं हेच करते आहे.

ही सवय मला कॉलेजात नाही, याच शाळेत लागली. आमचे गणिताचे सर चुकलेल्या उदाहरणावर नुसती फुली मारत नसत. ज्या पायरीवर चूक झाली, तिच्याखाली लाल रेघ ओढत आणि म्हणत, "वरचं सगळं बरोबर आहे, इथून पुढे कर." सर आज समोर बसले आहेत.

आपल्यातले बरेच जण आता शिक्षक आहेत, आई-वडील तर बहुतेक सगळेच. मुलाचे मार्क कमी आले की आपण क्लास बदलतो, मोबाईल काढून घेतो, खेळ बंद करतो, सगळं एकाच दिवशी. त्याला फळ्यावरचं दिसतं का, अपूर्णांक कळले का, वर्गात कुणी त्रास देतं का, हे विचारायचं राहून जातं. तेवढं आधी विचारा, एवढीच विनंती.

जेवणाची पानं मांडून झाली आहेत, म्हणून थांबते.