मोटारसायकलच्या चाकांची जोडी

वऱ्हाडांतील शेतकरी बैल घ्यावयास बाजारांत जातो तेव्हां तो एकट्या बैलाचें बळ पाहत नाहीं. घरच्या बैलाशीं त्याची उंची आणि चाल जुळते कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो; विजोड बैलांच्या मानेवर जूं सरळ राहत नाहीं. परंतु त्याच घरचा, अमरावतीस वा अकोल्यास नोकरी करणारा मुलगा मोटारसायकलचा मागला टायर झिजला म्हणजे स्वस्त किंवा रुंद दिसेल तो टायर बसवून मोकळा होतो. हीं दोन चाकेंही एक जोडीच आहे, याचें त्यास विस्मरण पडतें.

१८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव दबत नाहीं. हवेचा टायर दबतो व वाकतो. रस्त्यास टेकणारा त्याचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वळणावर गाडी कलली कीं तिचा सारा भार अशा दोन तळहातांवर येतो. ते निरनिराळ्या रीतीनें दबले, तर वेगांत गाडी डुलूं लागते.

म्हणून टायरची जात प्रथम पाहावी. साध्या टायरांतील दोरे तिरपे व एकमेकांस छेदणारे असतात. रेडियल टायरांत ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. कारखानदारानें स्वतः तशी योजना केली नसेल, तर या दोन जातींची मिसळ करूं नये. टायरवर १००/९०-१८ असें लिहिलें असेल, तर रुंदी १०० मिलीमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ९० आणि रिमचा व्यास १८ इंच असा त्याचा अर्थ होतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढविला, तर त्याचा आकारच बिघडतो. चार अंकी खूणही वाचावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

अमरावती-अकोला महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालें आणि त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. अशा सरळ, गुळगुळीत रस्त्यावर मागला टायर मधोमध झिजून चपटा होतो. पुढला मात्र गोलच राहतो. मग वळणावर गाडी आधीं अडते आणि नंतर एकाएकीं कलते. पावसाळ्यांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतांतील काळी माती डांबरावर येते. तेथें ही विजोड जोडी अधिकच घातक ठरते.

उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हां हवेचा दाब पहांटे, टायर थंड असतां मोजावा. तापलेल्या टायरांतील वाढलेला दाब पाहून हवा सोडूं नये. थंड झाल्यावर तीच कमी पडते.

पुढला टायर चांगला व फार जुना नसेल, तर दोन्ही बदलण्याचें कारण नाहीं. कारखानदारानें सांगितलेल्या मापाचा आणि जातीचा मागला टायर घेतला कीं पुरे. मात्र नवा टायर आरंभीं निसरडा असतो. पहिले शंभर किलोमीटर, म्हणजे सुमारें अमरावतीहून अकोल्यापर्यंतचें अंतर, गाडी बेतानें हांकावी. त्यानें घरीं पोंचण्यास थोडा उशीर होईल. घरच्यांनीं तो आनंदानें सोसावा.